विश्लेषण : सहकाऱ्याची दुखापत, दुसऱ्याची संधी… अमरावतीचा जितेश, अकोल्याचा आदित्य यांना नेमके काय मिळाले?

संघातील एखादा खेळाडू जखमी होतो आणि बाहेर बसलेल्याचे नशीब उघडते, असे सर्रास म्हटले जाते. पण दुखापतीने जागा रिकामी होणे, त्या जागी बोलावणे येणे, प्रत्यक्ष मैदानात उतरायला मिळणे आणि ती जागा टिकवणे या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. अमरावतीचा यष्टिरक्षक-फलंदाज जितेश शर्मा आणि अकोल्याचा वेगवान गोलंदाज आदित्य ठाकरे यांच्या कारकिर्दीत हा फरक स्पष्ट दिसतो. त्याविषयी…

लखनौमध्ये २७ मे २०२५ रोजी काय घडले?

‘आयपीएल’च्या साखळी फेरीतील तो शेवटचा सामना होता. ऋषभ पंतच्या नाबाद ११८ धावांमुळे लखनौ सुपर जायंट्सने ३ बाद २२७ धावा केल्या. रॉयल चॅलेंजर्स बंगळूरुला (आरसीबी) पहिल्या दोन संघांत स्थान मिळवण्यासाठी विजय आवश्यक होता. पहिल्या दोनांत आले तर अंतिम फेरी गाठण्याच्या दोन संधी मिळतात, तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर राहिले तर एका पराभवात खेळ संपतो.

विराट कोहली ५४ धावांवर बाद झाला तेव्हा ‘आरसीबी’ची अवस्था ४ बाद १२३ होती आणि बारावे षटक सुरू होते. तेथून जितेशने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा केल्या. त्याने ८ चौकार आणि ६ षटकार मारले. मयांक अगरवालने नाबाद ४१ धावा करत साथ दिली. दोघांनी १०७ धावांची अखंड भागीदारी केली आणि ‘आरसीबी’ने ८ चेंडू राखून सामना जिंकला. एवढे मोठे लक्ष्य ‘आरसीबी’ने तोपर्यंत कधीच गाठले नव्हते.

नशिबाची साथही होती. जितेश ४९ धावांवर असताना झेलबाद झाला, पण तो चेंडू नो-बॉल ठरला. पुढच्याच चेंडूवर त्याने षटकार मारला.

त्या भागीदारीचा दुखापतीशी संबंध काय?

संबंध दोन्ही टोकांना होता. ‘आरसीबी’चा नियमित कर्णधार रजत पाटीदारच्या बोटाला मे महिन्याच्या सुरुवातीला क्षेत्ररक्षण करताना दुखापत झाली. तो फलंदाजी करू शकत होता, पण क्षेत्ररक्षणाचा धोका पत्करणे शक्य नव्हते. त्यामुळे त्याला फक्त फलंदाजीपुरते ‘इम्पॅक्ट प्लेअर’ म्हणून उतरवण्यात आले. नाणेफेकीच्या वेळी जो अंतिम अकरांत असतो, तोच कर्णधार होऊ शकतो. म्हणून नेतृत्व जितेशकडे आले.

दुसऱ्या टोकाला मयांक होता. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात त्याला कोणीही घेतले नव्हते. देवदत्त पडिक्कलच्या मांडीचा स्नायू दुखावल्यावर मे २०२५ मध्ये बदली खेळाडू म्हणून तो संघात आला. म्हणजे सामना जिंकून देणाऱ्या दोघांपैकी एक सहकाऱ्याच्या बोटामुळे कर्णधार होता, तर दुसरा सहकाऱ्याच्या मांडीमुळे संघात होता.

ज्या पाटीदारची जागा जितेशने सांभाळली, तोही एकेकाळी असाच बदली खेळाडू होता. २०२२ च्या लिलावात त्याच्यावर बोली लागली नव्हती. लवनीथ सिसोदिया जखमी झाल्याने ‘आरसीबी’ने त्याला बोलावले आणि २५ मे २०२२ रोजी बाद फेरीच्या सामन्यात लखनौविरुद्धच त्याने ५४ चेंडूंत नाबाद ११२ धावा केल्या. पुढच्या वर्षी टाचेच्या दुखापतीमुळे पाटीदारला संपूर्ण हंगामास मुकावे लागले. तेव्हा त्याच्या जागी आलेल्या विजयकुमार वैशाखने पदार्पणातच दिल्लीविरुद्ध ३ बळी घेतले.

जितेशला याआधी अशी संधी मिळाली होती का?

दोनदा. मात्र, दोन्ही वेळा हाती फारसे लागले नाही.

पहिली वेळ जानेवारी २०२३ ची. श्रीलंकेविरुद्ध वानखेडेवर झालेल्या पहिल्या टी-२० सामन्यात संजू सॅमसनच्या गुडघ्याला दुखापत झाली. उर्वरित दोन सामन्यांसाठी जितेशची प्रथमच भारतीय संघात निवड झाली. अमरावतीसाठी ही मोठी बातमी होती. परंतु संघात यष्टिरक्षणासाठी इशान किशन होता. सॅमसन त्या सामन्यात फलंदाज म्हणून खेळला होता. त्यामुळे अंतिम अकरांतील त्याची जागा फलंदाजाला, म्हणजे महाराष्ट्राच्या राहुल त्रिपाठीला मिळाली. ३१ वर्षांच्या त्रिपाठीने ५ जानेवारीला पुण्याजवळच्या गहुंजे येथील घरच्या मैदानावर पदार्पण केले. जितेश मात्र चमूत राहूनही मालिकेत खेळला नाही. त्याचे आंतरराष्ट्रीय पदार्पण त्यानंतर नऊ महिन्यांनी, ३ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत नेपाळविरुद्ध झाले.

दुसरी वेळ मे २०२४ ची. पंजाब किंग्जचा कर्णधार शिखर धवन खांद्याच्या दुखापतीमुळे बाहेर होता. हंगामापूर्वी कर्णधारांच्या छायाचित्रात पंजाबतर्फे जितेश उभा होता, त्यामुळे नेतृत्व त्याच्याकडेच जाईल असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात ते सॅम करनला मिळाले. करन मायदेशी परतल्यावर शेवटच्या साखळी सामन्यात जितेश नाणेफेकीला गेला. तोवर पंजाबचे आव्हान संपलेले होते.

लखनौची वेळ तिसरी. या वेळी जागाही त्याचीच होती, सामनाही निर्णायक होता आणि फलंदाजीचा क्रमही त्याच्या खेळाला साजेसा होता. तरीही चार दिवस आधी, २३ मे रोजी, त्याच्याच नेतृत्वाखाली ‘आरसीबी’ सनरायझर्स हैदराबादविरुद्ध ४२ धावांनी हरली होती. पहिल्या सामन्यानंतर पाटीदार पूर्ण बरा झाला असता, तर लखनौची खेळी कर्णधार म्हणून झालीच नसती.

अकोल्याच्या खेळाडूंचे काय?

आदित्य ठाकरेचे उदाहरण याहून बोलके आहे. २९ डिसेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये रणजी करंडकाचा अंतिम सामना सुरू झाला तेव्हा १९ वर्षांच्या आदित्यने थेट त्याच सामन्यात प्रथम श्रेणी पदार्पण केले. उमेश यादव दक्षिण आफ्रिका दौऱ्यामुळे उपलब्ध नव्हता. विदर्भाने दिल्लीला ९ गडी राखून हरवत पहिल्यांदाच रणजी करंडक जिंकला.

काही दिवसांतच दुसरे बोलावणे आले. न्यूझीलंडमध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक सुरू होता. पहिल्याच सामन्यात बंगालचा वेगवान गोलंदाज इशान पोरेल जखमी झाला आणि त्याला पर्याय म्हणून आदित्यला पाठवण्यात आले. पण पोरेल वेळेत सावरला. उपांत्य सामन्यात पाकिस्तानविरुद्ध त्याने १७ धावांत ४ बळी घेतले आणि भारताने ३ फेब्रुवारी २०१८ रोजी विश्वचषक जिंकला. आदित्यला एकही सामना खेळता आला नाही. यात कोणाचीही चूक नव्हती. एकाचे बरे होणे म्हणजे दुसऱ्याचे थांबणे, एवढेच.

अकोल्याचाच डावखुरा सलामीवीर अथर्व तायडे याला अशी जागा एका सामन्यापुरती मिळाली. कारण दुखापतीऐवजी आजाराचे होते. १९ मे २०२५ रोजी करोनामुळे ट्रॅव्हिस हेड उपलब्ध नसल्याने सनरायझर्सने अथर्वला सलामीला पाठवले. त्याने ९ चेंडूंत १३ धावा केल्या. हेड परतला आणि जागा त्याच्याकडे गेली.

बोलावणे आणि खेळणे यात एवढे अंतर का?

विदर्भापुरते पाहिले तरी एक साम्य लक्षात येते. २०१० च्या टी-२० विश्वचषकात प्रवीण कुमार जखमी झाल्यावर खापरखेड्याच्या उमेश यादवला वेस्ट इंडिजला बोलावण्यात आले. तो तेथे एकही सामना खेळला नाही. २०१८ मध्ये आदित्य आणि २०२३ मध्ये जितेश यांच्याबाबतही तेच झाले. तिघांचेही बोलावणे दुसऱ्याच्या दुखापतीमुळे आले आणि तिघांनाही त्या दौऱ्यात वा मालिकेत बाकावर बसावे लागले.

कारण सोपे आहे. दुखापतीमुळे चमूतील संख्या भरून काढण्यासाठी नवा खेळाडू येतो, पण अंतिम अकरांतील जागेवर पहिला हक्क चमूत आधीपासून असलेल्या राखीव खेळाडूचा असतो. बाहेरून येणारा रांगेत शेवटी उभा राहतो. उमेशला मात्र त्या बोलावण्याचा उपयोग झाला. निवड समितीच्या नजरेत आलेल्या या गोलंदाजाने त्याच महिन्यात, २८ मे २०१० रोजी, झिम्बाब्वेमध्ये एकदिवसीय पदार्पण केले.

बदली खेळाडूबाबत नियम काय आहेत?

नियम स्पर्धेनुसार बदलतात. ढोबळमानाने चार प्रकार आहेत.

■ चमूतील बदल : ‘आयसीसी’च्या स्पर्धांत बदली खेळाडूस तांत्रिक समितीची मंजुरी लागते. एकदा बदल झाला की जखमी खेळाडूला सहसा परतता येत नाही. म्हणूनच संघ लगेच बदल न मागता आधी एखाद्याला ‘पर्याय’ म्हणून जवळ बोलावून ठेवतात. आदित्यचे बोलावणे या प्रकारातले होते.

■ आयपीएल : खेळाडू जखमी असल्याचे ‘बीसीसीआय’च्या डॉक्टरांनी प्रमाणित करावे लागते. बदली खेळाडूला जखमी खेळाडूपेक्षा अधिक रक्कम देता येत नाही. २०२५ पासून संघाच्या बाराव्या साखळी सामन्यापर्यंत असा बदल करता येतो. पूर्वी ही मर्यादा सातव्या सामन्यापर्यंत होती.

■ डोक्याला मार : १ ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये डोक्याला मार लागलेल्या खेळाडूऐवजी त्याच पठडीतला खेळाडू सामन्याच्या मध्येच घेता येतो. तो फलंदाजी-गोलंदाजीही करू शकतो. सामनाधिकारी त्याला मान्यता देतात. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथऐवजी उतरलेल्या मार्नस लबुशेनने ५९ धावा केल्या. त्यानंतर तो ऑस्ट्रेलियाच्या कसोटी संघाचा आधारस्तंभ झाला.

■ गंभीर दुखापत : जुलै २०२५ मध्ये मँचेस्टर कसोटीत पंतच्या पायाचे हाड मोडले. ध्रुव जुरेलने यष्टिरक्षण केले, कारण २०१७ च्या सुधारित नियमांनुसार पंचांच्या संमतीने राखीव खेळाडू यष्टिरक्षण करू शकतो. परंतु तो फलंदाजी करू शकत नाही. त्यामुळे पंत मोडलेल्या पायाने फलंदाजीला उतरला. त्यानंतर ‘बीसीसीआय’ने २०२५-२६ च्या हंगामापासून देशांतर्गत बहुदिवसीय सामन्यांत गंभीर बाह्य दुखापतीसाठी सामन्याच्या मध्येच पूर्ण बदली खेळाडू देण्याची तरतूद केली.

या शेवटच्या तरतुदीचा थेट परिणाम रणजी संघांच्या बाकावर बसणाऱ्यांवर होतो. पूर्वी बारावा खेळाडू फक्त क्षेत्ररक्षण करायचा. आता त्याच सामन्यात त्याला बॅट किंवा चेंडू हाती घ्यावा लागू शकतो.

यष्टिरक्षकांची वाट अधिक अवघड का?

संघात फलंदाज सहा-सात असतात, गोलंदाज चार-पाच. यष्टिरक्षक एकच. एखादा फलंदाज जखमी झाला तर क्रम मागेपुढे करून दुसऱ्याला सामावून घेता येते. यष्टिरक्षकाची जागा मात्र पुढचा बाहेर गेल्याशिवाय मोकळीच होत नाही.

जितेशला हे विदर्भाच्या संघातही अनुभवास आले. रणजी संघात कर्णधार अक्षय वाडकर हाच यष्टिरक्षक. मर्यादित षटकांच्या सामन्यांत जितेश खेळायचा, पण २०२४-२५ मध्ये विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला तेव्हा लाल चेंडूच्या संघात त्याला स्थान नव्हते. पुढच्या हंगामासाठी त्याने बडोद्याचा मार्ग धरला. दुसऱ्याच्या दुखापतीची वाट पाहण्यापेक्षा जागा असलेल्या संघात जाणे, हाही संधी मिळवण्याचा एक मार्ग आहे.

जखमी खेळाडू परतल्यावर जागा कोणाची?

भारतीय क्रिकेटमध्ये प्रघात असा, की दुखापतीमुळे बाहेर गेलेला प्रस्थापित खेळाडू परतल्यावर आपल्या जागी येतो. याची सर्वांत मोठी किंमत करुण नायरने मोजली. त्याचाही विदर्भाशी संबंध आहे.

नोव्हेंबर २०१६ मध्ये के. एल. राहुल जखमी असल्याने करुणला मोहालीत कसोटी पदार्पण करता आले. पुढे अजिंक्य रहाणेच्या बोटाला दुखापत झाली आणि करुण संघात राहिला. १९ डिसेंबर २०१६ रोजी चेन्नईत त्याने इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ धावा केल्या. त्यानंतरची कसोटी फेब्रुवारी २०१७ मध्ये हैदराबादला होती. रहाणे परतला होता आणि करुणला वगळण्यात आले. एका खेळीमुळे रहाणेची दोन वर्षांची मेहनत पुसली जात नाही, अशी भूमिका कर्णधार कोहलीने घेतली. त्रिशतकानंतरच्या लगेचच्या सामन्यात बाहेर बसण्याची वेळ करुणवर आली.

यात रहाणेवर अन्याय झाला नाही आणि करुणला न्याय मिळाला असेही म्हणता येत नाही. दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होऊ शकतो. जखमी झाल्यावर जागा जाणार असेल, तर खेळाडू दुखापत लपवून खेळतील, हा पहिला मुद्दा. आणि जागा कधीच जाणार नसेल, तर राखीव खेळाडूने धावा करायच्या कशासाठी, हा दुसरा.

करुणला उत्तर द्यायला आठ वर्षे लागली. कर्नाटक संघातून बाहेर पडल्यावर तो २०२३ मध्ये विदर्भाकडे आला. २०२४-२५ च्या रणजी हंगामात त्याने ८६३ धावा केल्या, नागपुरातील अंतिम सामन्यात ८६ आणि १३५ धावांच्या खेळी केल्या आणि जून २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये तो पुन्हा कसोटी खेळला. या वेळी त्याला कोणाच्या दुखापतीची गरज पडली नाही.

जी जखमी झाली, तिचे काय?

संधीच्या गोष्टीत ही बाजू अनेकदा राहून जाते. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत बांगलादेशविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना सलामीवीर प्रतिका रावलचा घोटा दुखावला. महिला विश्वचषकात तोवर तिने ३०८ धावा केल्या होत्या. तिच्या जागी आलेली शफाली वर्मा वर्षभर एकदिवसीय संघाबाहेर होती आणि हरियाणाकडून देशांतर्गत टी-२० सामने खेळत होती. उपांत्य सामन्यात ती १० धावांवर बाद झाली. २ नोव्हेंबरला अंतिम सामन्यात मात्र तिने ८७ धावा केल्या, २ बळी घेतले आणि सामन्याची मानकरी ठरली. भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले.

प्रतिका त्या रात्री व्हीलचेअरवर मैदानात आली. पदके केवळ अंतिम चमूतील १५ जणींना मिळतात. बदल झाल्याने तिचे नाव त्या यादीत नव्हते. पुढे तिलाही पदक मिळाले. पण शफालीची संधी आणि प्रतिकाचे नुकसान ही एकाच घटनेची दोन नावे आहेत, हे त्या दृश्यातून दिसले.

लखनौनंतर जितेशचे काय झाले?

२९ मे रोजी पाटीदार पुन्हा कर्णधार म्हणून उतरला. ३ जून २०२५ रोजी अहमदाबादमध्ये ‘आरसीबी’ने १८ व्या हंगामात पहिल्यांदा ‘आयपीएल’ करंडक जिंकला. पंजाबविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात जितेशने १० चेंडूंत २४ धावा केल्या आणि संघ अवघ्या ६ धावांनी जिंकला. २०२२ मध्ये पंजाबने ज्याला २० लाखांत घेतले होते, त्याच्यासाठी ‘आरसीबी’ने ११ कोटी मोजले होते. ते सार्थ ठरले.

त्यानंतर तो आशिया चषकाच्या चमूत होता. २ नोव्हेंबर २०२५ रोजी, शफाली नवी मुंबईत खेळत होती त्याच दिवशी, होबार्टमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध जितेशने १३ चेंडूंत नाबाद २२ धावा केल्या. या वेळी सॅमसन जखमी नव्हता, त्याला वगळून जितेशला घेतले होते. तरीही डिसेंबरमध्ये २०२६ च्या टी-२० विश्वचषकासाठी संघ जाहीर झाला तेव्हा यष्टिरक्षक म्हणून सॅमसन आणि किशन यांची निवड झाली. किशनने नुकतेच झारखंडला सय्यद मुश्ताक अली करंडक जिंकून देताना अंतिम सामन्यात शतक केले होते. म्हणजे २०२३ मध्ये ज्या दोघांमुळे जितेशला आधी बोलावणे आले आणि नंतर थांबावे लागले, तेच दोघे पुन्हा पुढे होते.

वऱ्हाडातील खेळाडूंसाठी याचा अर्थ काय?

विदर्भ क्रिकेट संघटनेचे मुख्यालय आणि जामठ्याचे स्टेडियम नागपुरात. अमरावतीहून ते सुमारे दीडशे, तर अकोल्याहून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर. वऱ्हाडातील मुलाला आधी जिल्ह्यातून, मग विदर्भाच्या वयोगट संघातून आणि नंतर वरिष्ठ संघातून पुढे जावे लागते. प्रत्येक टप्प्यावर जागा मोजक्या आणि दावेदार अधिक. त्यामुळे ‘कोणीतरी जखमी झाला की आपला नंबर’ हा हिशेब मनात येणे स्वाभाविक आहे.

वरील उदाहरणे मात्र वेगळा हिशेब मांडतात. दुखापत रांग मोडत नाही, ती फक्त एक घर पुढे सरकवते. रांगेत दुसऱ्या क्रमांकावर जो असतो, त्याला खेळायला मिळते. तिसरा, चौथा पुन्हा थांबतो. पाटीदार असो वा शफाली, बोलावणे आले तेव्हा दोघेही सामने खेळण्याच्या तयारीत होते.

अथर्व तायडेला हे वेगळ्या प्रकारे कळले. फेब्रुवारी २०२५ च्या रणजी अंतिम सामन्यात विदर्भाने त्याला वगळून पार्थ रेखडेला सलामीला पाठवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जामठ्यावर इराणी करंडकाच्या सामन्यात अथर्वने शेष भारताविरुद्ध १४३ धावा केल्या आणि तो सामनावीर ठरला. विदर्भ ९३ धावांनी जिंकला. त्यासाठी संघातील कोणाला जखमी व्हावे लागले नाही.